कीपॅडचा फोन घेतला की सुटका होईल का?

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ५२ वर्षांच्या शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून मजकूर थोडक्यात देत आहोत.

स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंशी त्या गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल बोलल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या फोनवर तशाच पट्ट्याची जाहिरात आली. पुढे महिनाभरात एका अनोळखी माणसाचा फोन आला. शेजारच्या मुलाने अ‍ॅपवरून कर्ज घेतलं होतं, हप्ते थकवले होते आणि हा माणूस यांच्याशी अर्वाच्य बोलत होता. शाळेचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री दहानंतरही चालू असतात. ‘हा फोन माझ्या पैशाने घेतलाय, पण त्यात काय चाललंय ते मला सोडून सगळ्यांना माहीत आहे,’ असं त्या लिहितात. स्मार्टफोन बंद करून साधा कीपॅडचा फोन घ्यावा असं त्यांच्या मनात आहे. मिस्टर म्हणतात, ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ‘आई, सगळ्यांचाच डेटा कधीच गेलाय, आता काय उपयोग?’ मुख्याध्यापक म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपशिवाय काम होणार नाही. ‘मी विक्षिप्त आहे का?’ असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही विक्षिप्त नाही. तुमची अस्वस्थता रास्त आहे. मात्र तिच्यावर तुम्ही शोधलेला उपाय तुम्हाला वाटतो तेवढा लागू पडणार नाही. का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी मिस्टरांचा प्रश्न. लपवण्यासारखं काही आहे म्हणावं तर संशय, नाही म्हणावं तर विषयच संपला, म्हणून या प्रश्नापुढे माणसं गप्प होतात. तुम्हाला कोणत्या गोळ्या चालू आहेत, मुलाच्या लग्नासाठी किती साठवलंय, माहेरच्या जमिनीच्या वाटणीवरून भावाशी काय बोलणं झालं, यात लाजण्यासारखं काहीच नाही. तरी यातलं काही स्टाफरूमच्या फळ्यावर लिहावं असं मिस्टरांनाही वाटणार नाही. कोणती गोष्ट कुणाला सांगायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, असा युक्तिवाद सरकारतर्फे झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की आहे. घरात पुन्हा विषय निघाला तर एवढं सांगा.

आता गुडघ्याचा पट्टा. फोन चोरून ऐकतो ही शंका तुमच्यासारखीच हजारो लोकांना येते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली होती. मालकाच्या नकळत माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं अ‍ॅप त्यांना सापडलं नाही. काही अ‍ॅप पडद्यावर काय चाललंय त्याचं चित्रण करून तिसऱ्याच कंपनीला पाठवतात, हे मात्र सापडलं. जाहिरातीसाठी आवाज ऐकायची गरजही नसते. तुमच्या सहकारी बाईंनी तो पट्टा शोधला असेल, तुम्ही दोघी शाळेच्या एकाच वायफायवर असाल, रोज तेवढेच तास एकाच ठिकाणी असाल, तुमचं वय खात्यात लिहिलेलं असेल आणि कधीतरी तुम्ही गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ पाहिला असेल. अंदाज बांधायला इतकं पुष्कळ झालं. मला ही गोष्ट माइकपेक्षा जास्त काळजीची वाटते, कारण माइक बंद करता येतो. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा फोन असेल तर वरून खाली ओढायच्या पट्टीत माइक आणि कॅमेरा बंद करायची बटणं मिळतात आणि कोणतंही अ‍ॅप त्यांचा वापर करत असताना कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. अंदाज बंद करायला असं एक बटण नाही. त्यातल्या त्यात सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली जाहिरातींचा जो ओळख क्रमांक असतो तो पुसून टाका. गुगल खात्यातला हालचालींचा इतिहास बंद करा किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसला जाईल असं ठरवून द्या. जाहिराती थांबणार नाहीत, पण त्या तुमच्या भोवती इतक्या नेमक्या फिरणार नाहीत.

वसुलीवाल्याच्या फोनपाशी मात्र मला थांबायचंय, कारण तुमचा मूळ समज तिथे तपासावा लागतो.

तुमचा नंबर तुमच्या फोनमधून गेलेला नाही. तो शेजारच्या मुलाच्या फोनमधून गेला. त्याने कर्जाचं अ‍ॅप टाकताना ‘संपर्क पाहू द्यायचे का’ या प्रश्नाला हो म्हटलं, आणि त्याची अख्खी यादी, म्हणजे तुम्ही, त्याची मावशी, त्याचा क्लासचा मास्तर, सगळे त्या कंपनीकडे गेले. तुमच्या हातात तेव्हा कीपॅडचा फोन असता तरी हेच झालं असतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून घातलेल्या नियमानुसार कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधली संपर्कयादी, फोटो, कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. तरी धमकीचे फोन येतात. कारण बरीच अ‍ॅप कुठल्याच नोंदणीकृत संस्थेची नसतात. असा फोन पुन्हा आला तर वाद घालू नका. नंबर, वेळ आणि बोलणं लिहून ठेवा, १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि त्या मुलालाही करायला लावा. तो शरमेने गप्प असेल. त्याला तुमची गरज आहे.

थोडक्यात, आपली माहिती आपल्या एकटीच्या फोनमध्ये नसते. ती बहिणीच्या, मुलाच्या, पालकांच्या, दूधवाल्याच्या फोनमध्येही असते, आणि त्या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे आपला दहा आकडी नंबर. कापडाच्या दुकानात बिल करताना तो विचारतात, मेडिकलमध्ये विचारतात, लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर आपण तो आपणहून लिहितो. बिलासाठी ग्राहकाला मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं होतं. काउंटरवरच्या मुलीवर न चिडता ‘नंबर नको, कागदाचं बिल द्या’ म्हणायला लागा. पहिल्यांदा संकोच वाटेल. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईला मात्र कळेल की असं म्हणता येतं.

कीपॅडच्या फोनबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. त्यावरून केलेला कॉल आणि एसएमएस कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो. कुणाला, कधी, किती वेळ आणि कोणत्या टॉवरखालून फोन केला याच्या नोंदी कंपनीने किमान दोन वर्षं ठेवायच्या, अशी परवान्याची अट डिसेंबर २०२१ पासून आहे. व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नल या अ‍ॅपवरचा मजकूर निदान वाटेत कुणाला वाचता येत नाही. शिवाय हल्ली बाजारात मिळणाऱ्या ४जी कीपॅडच्या फोनांतही अ‍ॅप असतात. तुम्हाला आठवणारा जुना साधा फोन आता फारसा उरलेला नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘फोन दुकानदाराने चालू करून दिला, पासवर्ड त्यालाच माहीत, नंतर मुलाने बघितलं.’ तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचं गुगल खातं एका दुकानदाराने उघडलंय. ते परत मिळवायचा नंबर मुलाचा आहे. तुमचे फोटो कुठे साठतात हे तुम्हाला माहीत नाही. फोनचा पॅटर्न घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या घरांत हे सर्रास असतं, बायकांच्या फोनबाबत तर फारच, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण मोठ्या कंपन्या आपल्यावर नजर ठेवतात म्हणून आपण अस्वस्थ होतो आणि आपल्या खात्याची किल्ली कुणाकडे आहे हे मात्र विचारत नाही. सुरुवात इथून करा, बाकी सगळं नंतर. मुलगा सुट्टीला आला की त्याला शेजारी बसवा, पण फोन स्वतःच्या हातात ठेवा. स्वतःचं नवं खातं उघडा किंवा आहे त्याचा पासवर्ड बदला, परत मिळवायचा नंबर आणि ईमेल तुमचे घाला, ते वहीत लिहून कपाटात ठेवा. पॅटर्नऐवजी सहा आकडी पिन ठेवा आणि तो फक्त तुमच्याकडे असू द्या. मिस्टरांना राग आला तर अडीअडचणीसाठी पिन बंद पाकिटात घालून द्या.

मग एका संध्याकाळी चहा घेऊन बसा आणि फोनमधल्या परवानग्यांची यादी उघडा. कोणत्या अ‍ॅपला तुमचं ठिकाण कळतं, कोणाला संपर्कयादी दिसते, कोण एसएमएस वाचतं, हे तिथे ओळीने दिसतं. टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्क कशाला हवेत? कॅलेंडरला ठिकाण कशाला? ज्याचं कारण तुम्हाला सांगता येत नाही ते काढून घ्या. अ‍ॅप अडलं तर पुन्हा विचारेल, तेव्हा ठरवा. नकाशाला ठिकाण लागतंच, पण ‘वापरत असतानाच’ एवढंच द्या. एसएमएस वाचायच्या परवानगीबाबत कडक राहा. लग्नपत्रिका किंवा ई-चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फाइल उघडल्या की नेमकी हीच परवानगी मागतात, आणि मग ओटीपी थेट चोराकडे जातो.

आता तुमचा कीपॅडचा फोन. मी तो घ्या म्हणेन, पण स्मार्टफोन टाकून देऊ नका. ज्या नंबरला पगाराचं बँक खातं आणि आधार जोडलंय, ते सिम कीपॅडच्या फोनमध्ये घाला आणि तो फोन घरी ठेवा. तो नंबर दुकानात, शाळेत, पालकांना द्यायचा नाही. ओटीपी तिथे येतील आणि तिथे कुठलीही लग्नपत्रिका उघडली जाणार नाही. स्मार्टफोनमध्ये दुसरं सिम घ्या, तो तुमचा चारचौघांतला नंबर. जुना नंबर आजवर सगळीकडे वाटला गेलाय, त्यामुळे बँकेतला आणि आधारचा नंबर बदलून नवाच घेणं जास्त बरं. त्यासाठी बँकेच्या शाखेत आणि आधार केंद्रावर एकेक फेरी पडेल. यूपीआय हवं असेल तर दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं काढा, ते चारचौघांतल्या नंबराला जोडा आणि महिन्याच्या भाजी-किराण्यापुरते पैसे त्यात ठेवा. कारण यूपीआय अ‍ॅप चालू करायला खात्याला जोडलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं. कीपॅडच्या फोनवरूनही *९९# लावून किंवा मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे मधून पैसे पाठवता येतात, फक्त थोडा धीर लागतो. दोन सिमचा खर्च तुम्हाला टोचेल. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज द्यायला भाग पाडलंय, दुकानात ते नाव घेऊन मागा. दुकानदार आपणहून दाखवत नाहीत.

फोनची मूळ प्रणालीच बदलून टाकायचा मार्गही आहे, ग्राफीनओएस वगैरे. त्यातलं कळणारं माणूस जवळ असेल तरच त्या वाटेला जा. बँकेची काही अ‍ॅप तिथे चालत नाहीत. तुमची अडचण त्याशिवायही बरीच सुटते. नवा फोन घेताना कॅमेऱ्यापेक्षा सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारा.

‘सगळ्यांचाच डेटा कधीच गेलाय,’ या मुलाच्या म्हणण्याला मी उत्तर देणार आहे, कारण त्याच्या पिढीत हे फार ऐकू येतं आणि त्यामागे बेफिकिरीपेक्षा हताशपणा जास्त असतो. गेला तो जुना. तुम्ही उद्या कुठे जाल, पुढच्या वर्षी कोणत्या डॉक्टरांकडे जाल, तो लग्नाचं बघायला लागेल तेव्हा काय शोधेल, हे अजून कुणाकडे नाही. आणि लोक बोलले की काही हलतही नाही असं नाही. अँड्रॉइड फोनवर गुगलची अ‍ॅप सक्तीने भरण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७ कोटींचा दंड केला. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या ‘मान्य करा नाहीतर सोडा’ धोरणावरून त्याच आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिला २१३ कोटींचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस सरकारने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी अ‍ॅप आधीच घालून देण्याचा आदेश काढला आणि देशभर ओरड झाल्यावर काही दिवसांतच सक्ती मागे घेतली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यात सरकारला दिलेली सूट मला फार सैल वाटते. तरी आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा आणि ती पुसून मागण्याचा हक्क त्याने दिला आहे, तो लागू झाला की वापरला पाहिजे.

शेवटी शाळेबद्दल. इथे, ताई, मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचाय. तुमच्या फोनच्या गॅलरीत आत्ता किती मुलांची आधार कार्डं आहेत? शिष्यवृत्तीसाठी पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला, यू-डायस आणि सरल या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी प्रणालींसाठी आधारचे फोटो, हे पालक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तेही अनेकदा वर्गाच्या ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असे. ते तुमच्या फोनमध्ये साठतात, तिथून दुकानदाराने उघडलेल्या गुगल खात्यात जातात. गुणांच्या याद्या ग्रुपवर पडतात आणि नापास झालेल्या मुलीचं नाव शेजारच्या आळीला कळतं. शेजारच्या मुलाने तुमचा नंबर कुणाला तरी देऊन टाकला, तसंच इथे मुलांची माहिती त्यांना न विचारता पुढे जाते. तुमच्यावर दोष ठेवायला हे लिहीत नाही. शाळेने दुसरी सोय दिलेलीच नाही. पण शिक्षक म्हणून इथे तुम्हाला जे करता येईल ते एकटीने कीपॅडचा फोन घेऊन होणार नाही.

यू-डायस, सरल, पगाराचं शालार्थ ही सगळी कामं शाळेच्या संगणकावर होतात. कागद छापील घेता येतात, नोंद झाली की परत करता येतात. अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, पालकांच्या संमतीने काढायचा असतो. संमती नाकारता येते हे पालकसभेत स्पष्ट सांगा, कारण फॉर्म सहसा सहीपुरताच पुढे केला जातो. गॅलरीतली जुनी कागदपत्रं पुसा. ती पुसल्यावरही कचरापेटीत काही आठवडे राहतात, तीही रिकामी करा. ग्रुप म्यूट करून संध्याकाळी सातनंतर उत्तर देणार नाही, हे ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवा. पालक समजून घेतात.

मुख्याध्यापकांशी तोंडी बोलून भागणार नाही, अर्ज द्या. मसुदा साधारण असा ठेवा. विषय: विद्यार्थ्यांची कागदपत्रे शिक्षकांच्या वैयक्तिक मोबाइलवर न मागवण्याबाबत. महोदय, आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले व गुणपत्रके पालकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली जात असल्याने ती अनेक वैयक्तिक फोनमध्ये साठून राहतात. फोन हरवल्यास वा खाते चोरीस गेल्यास विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ शकते. तरी ही कागदपत्रे यापुढे शाळेच्या कार्यालयात प्रत्यक्ष वा शाळेच्या अधिकृत ईमेलवर स्वीकारावीत, त्यांची नोंद शाळेच्या संगणकावरच करावी, व वर्गाच्या ग्रुपवर फक्त सूचना द्याव्यात, ही विनंती. खाली तुमची सही, आणि शक्य झाल्यास त्या गुडघ्याच्या पट्ट्यावाल्या बाईंसह आणखी दोघातिघांची. पोच घ्यायला विसरू नका.